आईचे तीस तास अठरा कुणी केले?

प्रिय ताई,

माझी आई ७६ वर्षांची आहे. बाबा गेल्यावर २००९ साली ती साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आली, २०१६ साली इथली नागरिक झाली. तिला मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) आणि मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा) दोन्ही आहे. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका येऊन उजवी बाजू अधू झाली. मेडिकेडमधून आठवड्याला तीस तास एक बाई येते. आंघोळ, कपडे, जेवण, संडासला नेणं सगळं तीच बघते, कारण आम्ही दोघंही नोकरी करतो. गेल्या महिन्यात इन्शुरन्स कंपनीची नर्स घरी येऊन प्रश्न विचारून गेली. आईने त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली होती आणि एका हाताने चहासुद्धा केला. मी ऑफिसातून फोनवर दुभाष्याचं काम करत होते. आता पत्र आलंय की तीसचे अठरा तास होणार. आईला ती जाहिरात वाटली, तिने पाकीट देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. मला ते उशिरा सापडलं.

पुण्याचा भाऊ विचारतो, मेडिकेड सरकारी आहे ना, मग खाजगी कंपनी कोण तास कापणारी? मला उत्तर देता आलं नाही. नवरा म्हणतो, फुकट मिळतंय, भांडू नका, उगाच नजरेत येऊ. त्यातच देवळात ओळख झालेला एक एजंट मागे लागलाय. आईचा प्लॅन बदला म्हणतो, दात, चष्मा, किराण्याचं कार्ड, सगळं मिळेल म्हणतो. काय करू?

एक मुलगी, एडिसन

---

प्रिय मुली,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी एका ओळीचं उत्तर पाठवलं होतं. बाकी सगळं बाजूला ठेवा, आजच अपील फॅक्स करा आणि त्यात 'निकाल लागेपर्यंत तीस तास चालू ठेवावेत' हे वाक्य घाला. तुम्ही ते नवव्या दिवशी केलंत. म्हणून आता जरा टेकून बोलता येईल, आणि सदरात लिहिते आहे ते तुमच्यासारख्या बाकीच्यांसाठी. नववा दिवस एवढा महत्त्वाचा का, तर अपील करायला साठ दिवस असतात, पण तोवर जुने तास चालू राहावेत असं वाटत असेल तर पत्रावरच्या तारखेपासून दहा दिवसांत, किंवा कपात लागू होण्याच्या तारखेआधी, यातलं जे नंतर येईल तोवर, तशी मागणी करावी लागते. दहा दिवस पत्रावरच्या तारखेपासून मोजायचे. पत्र तुमच्या हातात कधी पडलं, ते ड्रॉवरमध्ये किती दिवस होतं, याच्याशी कंपनीला देणंघेणं नसतं.

आता तुमच्या भावाचा प्रश्न. तो पुण्याचा आहे म्हणून पुण्याच्या भाषेत सांगते. सदाशिव पेठेत शिकायला आलेली मुलं मेस लावतात. महिन्याचे पैसे आधी द्यायचे, मग दोन वेळचं जेवण. हॉटेलात याच्या उलट असतं, जेवढं खाल तेवढं बिल, त्यामुळे मालक 'अजून एक भाजी देऊ का?' विचारत राहतो. मेसवाल्या काकू तिसरी पोळी वाढताना जरा हात आखडतात. त्यात त्यांचा स्वभाव वाईट असतो असं नाही. पैसे आधीच आलेत, आता प्रत्येक पोळी त्यांच्या खिशातून जाते, एवढंच.

मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन्ही योजना ३० जुलै १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने सुरू झाल्या तेव्हा हॉटेलचा हिशोब होता. डॉक्टरांनी बिल लावायचं, सरकारने भरायचं. खर्च वाढत गेला तसं सरकारला मेसचं गणित आवडायला लागलं. १९७३ साली निक्सन यांच्या काळात अशा प्रीपेड आरोग्य संस्थांना उत्तेजन देणारा कायदा झाला. मेडिकेडमध्ये सगळ्यात शेवटी सामील झालेलं राज्य अ‍ॅरिझोना. त्यांनी १९८२ साली सुरुवातच मुळी या पद्धतीने केली. १९९७ च्या कायद्याने राज्यांना मोकळीकच मिळाली. वेगळी खास परवानगी न घेता ते बहुतेक लाभार्थ्यांना कंपन्यांच्या प्लॅनमध्ये घालू शकत होते. आज मेडिकेडमधले चारातले जवळपास तीन लोक अशा मॅनेज्ड केअर कंपन्यांच्या हाती आहेत. न्यू जर्सीत तर जवळजवळ सगळेच. २०११ साली घरी येणाऱ्या मदतनिसांचे तास आणि म्हाताऱ्यांची मेडिकल डे केअर कंपन्यांकडे गेली. २०१४ च्या जुलैत दीर्घकाळ लागणाऱ्या काळजीचा मोठा भागही गेला.

म्हणजे भावाला एवढंच सांगा की आईचं कार्ड सरकारी आहे, हक्क सरकारी आहे, पैसाही सरकारी आहे. पण सरकार तो पैसा दरमहा माणशी ठरावीक रकमेने कंपनीला देतं, आणि मग आईला आठवड्याला तीस तास लागतात की अठरा हे कंपनी ठरवते. तीस दिले तरी त्या महिन्याची रक्कम तीच आणि अठरा दिले तरी तीच. मधले बारा तास कुणाच्या खात्यात राहतात ते त्याला कळेल, तो हिशोबात पक्का दिसतोय.

आणि त्याने फार नाक मुरडू नये. आपल्याकडच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही ऑपरेशनआधी पूर्वमंजुरी लागतेच, आणि तिथेही मध्ये विमा कंपनी राहिलेली आहे. फरक असलाच तर हा की तिथल्या हॉस्पिटलात दाराशी आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो, ज्याला जाऊन 'माझं काय झालं?' असं विचारता येतं. इथे तुमच्यासाठी कंपनीची केअर मॅनेजर आहे, आईंच्या काळजीचं सगळं जुळवून देणारी. तिचं नाव आणि थेट नंबर तुमच्याकडे आहे का? पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. नसेल तर उद्या कंपनीला फोन करून पहिलं ते मागा.

एक सांगायला हवं, नाहीतर मी एकतर्फी बोलले असं होईल. जुन्या पद्धतीत सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. मेडिकेड डॉक्टरांना कमी पैसे देतं, त्यामुळे कित्येक डॉक्टर मेडिकेडचा पेशंट दारातूनच परत पाठवायचे आणि त्याने मग कुठे जायचं हे बघायला कुणी नव्हतं. आता कंपनीला पुरेशा डॉक्टरांचं नेटवर्क ठेवावंच लागतं, डॉक्टर मिळत नसेल तर शोधून द्यावा लागतो. चांगला केअर मॅनेजर मिळाला तर तो व्हीलचेअरपासून रॅम्पपर्यंत सगळ्याच्या मागे लागतो, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. सरकारचे पैसे यात खरोखर वाचतात का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जवळच्याच कनेक्टिकट राज्याने २०१२ साली कंपन्यांना दिलेला हा व्यवहार मोडला आणि कारभार परत आपल्याकडे घेतला. तरीही तिथलं आभाळ कोसळलं नाही. पण ते राज्यांचं राजकारण. तुमच्या आईला या मंगळवारी आंघोळ कोण घालणार, हा आपला प्रश्न आहे.

त्या नर्सच्या भेटीकडे येते. तुमच्या पत्रातली तीन वाक्यं मी दोनदा वाचली. इस्त्रीची साडी, एका हाताने केलेला चहा, आणि ऑफिसातून फोनवर तुम्ही. तास तिथेच कापले गेले. नंतरचं पत्र ही नुसती पावती आहे.

ती नर्स येते तेव्हा तिच्याकडे एक ठरलेला फॉर्म असतो. आंघोळीला मदत किती लागते, कपडे घालताना किती, उठबस, संडास, जेवण भरवावं लागतं का, स्वयंपाक, चालणं. प्रत्येक गोष्टीला ठरावीक मिनिटं, आणि मिनिटांची बेरीज म्हणजे आठवड्याचे तास. तिच्या फॉर्ममध्ये 'पाहुणी आली म्हणून आई ताठ बसल्या' असा रकाना नसतो. आपल्या आया कशा असतात तुम्हाला ठाऊक आहे. परका माणूस घरात आला की पहिलं पाणी, मग चहा. 'कसं चाललंय?' विचारलं की 'छान चाललंय'. 'आंघोळ स्वतः करता?' विचारलं की 'हो करते की!' संडासला नेताना कुणाचा हात धरावा लागतो हे परक्या बाईला, तेही मुलीच्या तोंडून इंग्रजीत सांगायचं? साताऱ्याची बाई मरेल पण सांगणार नाही. आणि तुम्हीही, खरं सांगा, फोनवर 'शी नीड्स हेल्प विथ एव्हरीथिंग' म्हणताना मागून ऑफिसातलं कुणीतरी ऐकत होतं ना? मग 'शी मॅनेजेस' झालं असेल.

हे मी दोष द्यायला लिहीत नाही. कंपनीने दुभाष्या द्यायलाच हवा होता. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्लॅनला पेशंटच्या भाषेचा दुभाष्या फुकट द्यावा लागतो, आणि घरच्यांनाच दुभाष्या व्हायला लावू नये असा नियम आहे. तुमच्या पत्रासोबत जो भाषांचा कागद असेल त्यात गुजराती आणि हिंदी दिसेल, मराठी बहुधा नसेल. नसली तरी मागितल्यावर फोनवर मराठी दुभाष्या मिळतो. मी मिळवून दिलाय. पहिल्यांदा 'हिंदी चालेल का?' असं विचारतात. हिंदी सिनेमा बघता येणं वेगळं, आणि उजव्या मांडीत रात्री जे होतं ते हिंदीत सांगता येणं वेगळं. 'नाही चालणार' म्हणा.

आता अपिलाचं. अपील तर गेलंच आहे, आता त्याच्या मागे वजन उभं करायचं आहे. कंपनीकडे आईंची पूर्ण केस फाइल मागा. ती फुकट मिळते, आणि निर्णय ज्या निकषांवर घेतला ते निकषही त्यात द्यावे लागतात. तुम्हाला त्यात दोन फॉर्म हवेत. तीस तास मंजूर झाले तेव्हाचा आणि आत्ताचा. जेवणाच्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक ओळ लावून बघा. जुन्यात आंघोळीपुढे काय होतं, नव्यात काय आहे. जिथे जिथे मिनिटं कमी झालीत तिथे एकच प्रश्न, आईंची तब्येत त्या बाबतीत सुधारली आहे का? पॅरालिसिस झालेली उजवी बाजू दोन वर्षांत आपोआप बरी झाली असेल तर आनंदच आहे, पण तसं कुठल्या डॉक्टरने लिहिलंय का? तब्येत तीच, मदतीची गरज तीच, आणि तास मात्र कमी, हे कंपनीला समजावून सांगता येत नाही. अपिलात सगळ्यात जास्त चालतो तो हाच मुद्दा.

डॉक्टरांचं पत्र लागेल. इथे लोक चुकतात ते असं की डॉक्टर दोन ओळी लिहून देतात, 'पेशंटला घरी मदतीची आवश्यकता आहे', आणि आपण तेच खूश होऊन जोडतो. त्या वाक्याचा काही उपयोग नाही. आवश्यकता नाही असं कंपनीही म्हणत नाहीये, ती अठरा तास पुरेत म्हणतेय. डॉक्टरांनी लिहायला हवं की उजव्या हाताने पकड नाही, त्यामुळे टबमध्ये एकटीने उतरता येत नाही. तोल जातो. अमुक तारखेला बाथरूममध्ये पडल्या. लघवीची घाई होते आणि धरून न्यावं लागतं, दिवसातून इतक्या वेळा. ते पत्र डॉक्टरांकडून मिळवायचं तर कच्चा मजकूर तुम्हीच लिहून न्या, त्यांच्याकडे तेवढा वेळ नसतो. दोन आठवड्यांची डायरीही ठेवा. बाई जे करते ते, आणि बाई गेल्यावर तुम्ही दोघं जे करता तेही. रात्री दोनला उठवलं तर रात्री दोन असं लिहा. आईंना ते वाचून दाखवू नका, त्या खोडून टाकतील.

साध्या अपिलाचा निर्णय कंपनीने तीस दिवसांत द्यायचा असतो. थांबल्याने जीवाला किंवा तब्येतीला धोका आहे असं डॉक्टरांनी म्हटलं तर बहात्तर तासांत. निर्णय विरुद्ध गेला तर पुढे राज्याची फेअर हिअरिंग. तिथे एक प्रशासकीय न्यायाधीश ऐकतो, कंपनीचा माणूस नव्हे. त्यासाठी एकशेवीस दिवस मिळतात. पण लक्षात ठेवा, तास चालू ठेवण्यासाठी पुन्हा दहाच दिवस, आणि ते अपिलाच्या निकालापासून नव्याने सुरू होतात. पहिल्यांदा मागितलंय म्हणून ते आपोआप पुढे चालू राहत नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मी इथेच फसले. पहिल्या वेळी सगळं वेळेत केलं, दुसऱ्या पत्राच्या वेळी 'एकशेवीस दिवस आहेत ना' म्हणून दिवाळी आटपून बघू असं ठरवलं. हिअरिंग आम्ही जिंकलो. पण मधले तीन महिने सासऱ्यांना आंघोळ घालायला नवरा कामावरून दुपारी घरी यायचा.

एक जोखीमही सांगते. तास चालू ठेवून शेवटी निकाल विरुद्ध गेला, तर मधल्या जास्तीच्या तासांचे पैसे मागितले जाऊ शकतात. म्हणून वकिलाशी एकदा बोला, आणि त्यासाठी खिसा रिकामा करावा लागत नाही. लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी ही संस्था अशा केसेसमध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांना फुकट मदत करते, आणि तिचं मुख्य कार्यालय तुमच्याच एडिसनमध्ये आहे. उत्पन्न आईंचं धरलं जातं का ते त्यांनाच विचारा, पण लाजून फोन न करण्याचं काही कारण नाही.

लाजेवरून तुमच्या यजमानांकडे येते. 'फुकट मिळतंय, भांडू नका' हे वाक्य मी न्यू जर्सीतल्या मराठी घरांत इतक्यांदा ऐकलंय की त्याला आता माझ्या मनात एक ठरलेला आवाज आहे. त्यामागे दोन गोष्टी असतात. एक भीती, एक शरम. भीतीचं सोपं आहे. आई नागरिक आहेत. अपील करणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो वापरला म्हणून कंपनी त्रास देऊ शकत नाही. आजारी आहेत, खर्चिक आहेत म्हणून त्यांना प्लॅनमधून काढून टाका अशी विनंतीही ती करू शकत नाही. नजरेत येण्यासारखं यात काही नाही.

शरमेचं जरा अवघड आहे. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी म्हणणार, दोघं कमावतात आणि आई मेडिकेडवर. म्हणू दे. मेडिकेड आईंचं उत्पन्न बघतं, जावयाचं नाही. तुम्ही आईंना बोलावताना त्यांच्या खर्चाची हमी म्हणून जी सही केली होती, तिची जबाबदारी त्या नागरिक झाल्या त्या दिवशी संपली. तुम्ही दोघं जो कर भरता त्यातूनच हे चालतं. आणि मला यात खरी काळजी वाटते ती याची की 'नको, राहू दे' म्हणणारी माणसं फक्त आपल्यातच नाहीत.

अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०२३ साली एक अहवाल काढला. २०१९ सालातले मेडिकेडच्या कंपन्यांचे नकार त्यांनी मोजले होते. आधी मंजुरी मागितलेल्या विनंत्यांपैकी सरासरी दर आठातली एक नाकारली होती, आणि ११५ कंपन्यांपैकी १२ कंपन्यांनी तर चारातल्या एकीपेक्षा जास्त. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे मेडिकेअरचा जो भाग कंपन्या चालवतात, त्याचे २०२३ चे आकडे आणखी बोलके आहेत. तिथे सुमारे ३२ लाख विनंत्या पूर्ण किंवा अर्धवट नाकारल्या गेल्या. त्यातल्या फक्त ११.७ टक्के नकारांवर अपील झालं, आणि ज्यांनी केलं त्यांच्यातल्या जवळपास ८२ टक्के वेळा कंपनीने आपला निर्णय पूर्ण किंवा काही प्रमाणात बदलला. मेसवाल्या काकूंना शंभर मुलांतल्या अठ्ठ्याऐंशी जणांनी तिसरी पोळी मागितलीच नाही, तर त्या आपणहून कशाला वाढतील? हे आकडे यजमानांना रात्री जेवताना वाचून दाखवा.

उरला एजंट. देवळात ओळख झाली म्हणून त्याला चटकन खोटा म्हणू नका, पण त्याला प्रत्येक सहीमागे कमिशन मिळतं हे विसरूही नका. न मागता घरी फोन करणं किंवा दारात येणं त्यांना नियमाने बंद आहे. तो करत असेल तर तेवढ्यावरूनच काय ते ओळखा.

आत्ता आईंकडे मेडिकेअरचं लाल-पांढरं-निळं कार्ड आहे असं मी धरून चालते. त्या कार्डावर मेडिकेअर घेणारा कुठलाही डॉक्टर चालतो, न्यूरॉलॉजिस्टकडे जायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. एजंट जो प्लॅन विकतोय तो मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजचा, दोन्ही कार्डं असलेल्यांसाठीचा खास प्रकार असणार. न्यू जर्सीत त्या प्रकारात मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही एकाच कंपनीकडे जातं. त्यात चांगलंही आहे. एकच कार्ड, एकच केअर मॅनेजर, दात आणि चष्म्याचे जादा फायदे. ज्या घरात कागद सांभाळायला कुणी नाही तिथे मी कधीकधी तो घ्या असंही सांगते.

पण तुम्ही आत्ता घेऊ नका. अपील चालू आहे ते आजच्या कंपनीविरुद्ध. कंपनी बदललीत की तासांचा हिशोब नव्या कंपनीच्या हाती जाईल, ती आपली नर्स पाठवेल, पुन्हा फॉर्म, पुन्हा साडी, पुन्हा चहा. किराण्याच्या कार्डावर महिन्याचे जे काही डॉलर येतील ते बारा तासांच्या बाईपुढे फुटाणे आहेत.

पुढे कधी विचार केलात तर आधी आईंच्या प्रत्येक डॉक्टरच्या ऑफिसात स्वतः फोन करा आणि प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा, हा प्लॅन घेता का, नवा पेशंट घेता का? प्लॅनच्या यादीवर भरवसा ठेवू नका. याच महानिरीक्षकांच्या कार्यालयाने २०१४ साली मेडिकेडच्या प्लॅनच्या याद्यांमधल्या डॉक्टरांना फोन करून पाहिलं होतं, तर निम्म्याहून अधिक जणांकडे अपॉइंटमेंटच मिळत नव्हती. कुणी त्या पत्त्यावर नव्हतं, कुणी तो प्लॅन घेत नव्हतं, कुणी नवे पेशंट घेत नव्हतं. प्लॅन समजून घ्यायला काउंटीत शिप नावाची सरकारी सल्ला सेवा आहे. तिथले लोक कमिशनवर नसतात. आणि चुकून सही झालीच असेल तर घाबरू नका. दोन्ही कार्डं असलेल्यांना २०२५ पासून दर महिन्याला मूळ मेडिकेअरकडे परत येता येतं, औषधांचा वेगळा प्लॅन घेऊन. आजच्या मेडिकेडच्या कंपनीचाच कंटाळा आला असेल तर न्यू जर्सीत ती बदलायची खिडकी दरवर्षी १ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर उघडते. तेव्हा बघू.

पुढची नर्स येईल तेव्हा, आणि ती येईलच, सुट्टी घ्या. फोनवर नको, घरी बसा. मराठी दुभाष्या आधी सांगून ठेवा. आदल्या दिवशी आईंशी बोला. त्यांना 'खोटं बोल' म्हणू नका, त्या ऐकणार नाहीत, आणि बरोबरच आहे. एवढंच म्हणा की ती बाई पाहुणी नाही, ती मोजायला येतेय, रेशनच्या दुकानातल्या तराजूसारखी, तेव्हा वजन खरं पडू दे. वाईट दिवशी जे होतं ते सांगायचं. चहा तुम्ही करा.

आणि त्या देवघराच्या ड्रॉवरचं. मेडिकेड दरवर्षी नव्याने कागद मागतं. कोविडच्या काळात ते थांबवलं होतं. एप्रिल २०२३ पासून पुन्हा सुरू झालं तेव्हा देशभरात अडीच कोटींहून जास्त लोकांचं मेडिकेड बंद पडलं. त्यातल्या दर दहातल्या जवळपास सात जणांचं अपात्र ठरले म्हणून नव्हे, तर फॉर्म भरला नाही, पत्ता जुना होता, पाकीट उघडलंच नाही, अशा कारणांनी. तीस तास जिंकून कार्डच बंद पडलं तर काय करणार? आईंना रागावू नका, पण आज रात्री त्या झोपल्यावर तो ड्रॉवर पूर्ण रिकामा करा आणि आत आणखी कुठली पाकिटं आहेत ते बघा.

तुमची,
ताई